पिवळ्या घरासमोर

मोजणीदारांच्या घराला पत्ता होता, खूण नव्हती. आता पत्ता काय, कुणालाही असतो. पत्त्यावर कागद येतात. माणसं येतात ती खुणेवर.

आणि त्या गल्लीतली एकुलती एक खूण नेमकी मोजणीदारांच्या समोर उभी होती. दातांच्या डॉक्टरांचं घर. पिवळं. पिवळं म्हणजे तुमच्या-आमच्या मनातलं पिवळं नव्हे. त्याच्या शेजारी लिंबू धरलं तर लिंबाला ताप आलाय की काय असं वाटावं, इतकं पिवळं. दुपारच्या उन्हात त्या भिंतीकडे घटकाभर बघितलं की पुढचा अर्धा तास सगळं जग जांभळं दिसायचं. ढगाळ दिवशी गल्लीतले लोक दिवे लावायचे नाहीत. डॉक्टरांची भिंत सगळ्यांना पुरायची. वरून जाणारी विमानं त्या घरावरून वळण घेतात, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायची गल्लीत कुणाची छाती झाली नव्हती.

त्यामुळे मोजणीदारांच्या घराला लोकांनी एकच नाव ठेवलं होतं : 'पिवळ्या घरासमोर'.

दुसऱ्या कुणाला हे लागलं नसतं. पण या गृहस्थांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या होत्या. दोन शेजारी हातभर जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसले की यांना बोलावणं यायचं. हे जायचे, टोपी सारखी करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "खुणेचा दगड कुठाय?" कारण कुठलीही मोजणी सुरू करायची तर आधी एक न हलणारी खूण धरावी लागते. दगड असो, विहीर असो, जुनं झाड असो. मग तिच्यापासून बाकीचं जग मापायचं. खूण हलली की सगळा नकाशा वाया. "खूण हलवणाऱ्याला मी माणसांत धरत नाही," ही त्यांची ठरलेली धमकी होती, आणि ती ऐकून भलेभले दगडचोर रात्रीतून दगड जागेवर नेऊन ठेवत.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराला खूण नसावी!

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसच्या गाडीतून ते शेवटचे घरी निघाले. मांडीवर भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. वीस वर्षं त्यांना रानोमाळ फिरवलेला ड्रायव्हर. गल्लीच्या तोंडाशी त्याने विचारलं, "साहेब, पिवळ्या घरासमोरच ना?"

मोजणीदारांनी मान डोलावली. घड्याळ मात्र त्या क्षणी बंद पडलं ते आजतागायत बंद आहे.

घरात शिरतात तो बायको फोनवर कुणाला तरी सांगत होती, "सोप्पं आहे हो. पिवळं घर दिसलं की त्याच्याकडे पाठ करायची. समोर आम्ही."

"तू सुद्धा?" मोजणीदार घड्याळासकट खुर्चीत बसले.

"मग काय सांगू? मळकट घर दिसलं की थांबा? मळकट घरं अकरा आहेत गल्लीत."

हे खरं होतं. सगळी गल्ली एकाच कंत्राटदाराने एकाच नकाशावरून बांधलेली. प्रत्येक घराला तेच गेट, त्याच दोन पायऱ्या, डावीकडे तीच खिडकी. आणि मोजणीदारांच्या घराचा रंग तर आता कुणालाच सांगता येत नव्हता. बायको म्हणायची, तो बदामी होता. ते म्हणायचे, फिकट हिरवा. या एका मुद्द्यावर त्यांचं दर दोन-तीन महिन्यांनी वाजायचं आणि पुरावा म्हणून खरवडून बघितलं की आतून तिसराच रंग निघायचा.

त्या संध्याकाळी मोजणीदारांनी ठरवलं. घर रंगवायचं. असं रंगवायचं की जन्मात एकदा तरी कुणीतरी म्हणेल, "मोजणीदारांच्या घरावरून वळा." बस्स. त्यांना दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. गावातलं निम्मं बांधकाम त्याच्या हाताखालून गेलेलं, आणि त्याचा पुरावा त्याच्या अंगावरच. शेड कार्ड वगैरे तो बाळगायचा नाही. कपड्यांवरचे डाग दाखवायचा.

"हा बघा साहेब, बाहीवर. शाळेचा विटकरी. कॉलरवर आहे ती बँक. हा खिशावरचा मोरपंखी पोस्ट ऑफिसचा, पण तो उन्हाला टिकत नाही, तुम्हाला नाही देणार."

"आणि तो गुडघ्यावरचा?" बायकोने विचारलं.

"हा? हे समोरचे डॉक्टर." विजारीच्या गुडघ्यावर तळहाताएवढा पिवळा सूर्य उगवला होता. "नऊ वर्षं झाली बाई. विजार तीनदा बदलली. डाग आपला तिथंच."

मोजणीदारांनी तोंड फिरवलं. "मला असा रंग सांगा की घर गल्लीच्या तोंडापासून दिसलं पाहिजे."

रंगाऱ्याने घराकडे बघितलं, मान तिरकी केली. "निळा मारा. गच्च निळा. चौकटी पांढऱ्या, दार लाल. तारेच्या ब्रशने जुनं सगळं खरवडतो, भेगांत लांबी भरतो, रंगाचे दोन हात मारतो. आंधळा नमस्कार करून जाईल."

मोजणीदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बायको म्हणाली, "माझ्या घराचं काय औषधाचं दुकान करायचंय? अहो, तुमची भाची रंगांचं एवढं शिकून आलीय. लोक लांबून लांबून बोलावतात तिला. तिला विचारा तरी."

विचारलं. तिथं घात झाला.

भाची आली ती एका रंगात आली. कपडे, पिशवी, चप्पल, चष्म्याची काडी, सगळं एकाच कुठल्यातरी रंगाचं, ज्याला रंग म्हणायला जीभ रेटू नये. मामींच्या सोफ्यावर ती बसली आणि दिसेनाशी झाली. मामी तिच्या मांडीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवायला निघाल्या होत्या, ती खोकली म्हणून वाचली.

"मामा, पहिली गोष्ट," ती म्हणाली. "घर ओरडता कामा नये."

"मग काय करावं त्याने?"

"कुजबुजावं."

मोजणीदारांनी विचार केला. "किती फुटांवरून ऐकू आलं पाहिजे?"

भाचीने पिशवीतून कागद काढला. त्यावर घराचा नकाशा होता. सूर्य कुठून येतो, झाडाची सावली कुठवर जाते, शेजारच्या छपराचा रंग कोणता, फुटपाथचा कोणता, सगळं बाण काढून दाखवलेलं. आता नकाशा दिसला की मोजणीदारांची अक्कल चपला काढून दाराबाहेर बसायची. ते कागदावर ओणवे झाले.

"रंग एकटा नसतो, मामा. सुसंगती हवी. भिंतीला मुख्य रंग, चौकटींना सोबतीचा रंग, दाराला आणि गेटला उठावाचा रंग. तिघांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. छपराशी पटलं पाहिजे, रस्त्याशी पटलं पाहिजे, आभाळाशी पटलं पाहिजे."

"माझं तर शेजारणीशी पटत नाही," मामी म्हणाल्या.

"भिंतीला 'थकलेला दगड'. चौकटींना 'दुपारचा धूर'. आणि उठावाला" (इथे भाचीने आवाज खाली आणला) "'विसरलेली वाळू'."

तीन कार्डं टेबलावर पडली. रंगारी पुढे झाला. त्याने ती खिडकीशी नेली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ताई, एकाच रंगाची तीन कार्डं का आणलीत?"

"वेगळे आहेत ते. डोळा तयार व्हावा लागतो."

"चाळीस वर्षं रंग मारतोय. अजून किती तयार करू?"

"आणि वाळू विसरलं कोण?" मामींनी विचारलं. "उठाव म्हणे! तिघंही एका आईची लेकरं आणि तिघांनाही अशक्तपणा."

पण भाचीकडे ठेवणीतलं एक वाक्य होतं. ती मामांकडे वळून म्हणाली, "जी घरं ओरडतात ती दिसतात, मामा. जी कुजबुजतात ती लक्षात राहतात."

लक्षात राहतात! मोजणीदारांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली. निळ्याचा विषय संपला.

रंगाऱ्याने रीतीप्रमाणे आधी भिंतीवर नमुन्याचे तीन पट्टे मारले, वाळल्यावर सकाळ-संध्याकाळच्या उन्हात बघायला. दुसऱ्या दिवशी आला तर पट्टे सापडेनात. अर्धा तास भिंतीवरून तळहात फिरवत होता, कुठे गुळगुळीत लागतं का ते. शेवटी म्हणाला, "साहेब, एवढ्यावरनं समजून जा." साहेब समजले नाहीत. परांची बांधली, खरवडलं, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, दोन हात झाले. नवव्या दिवशी परांची सोडली आणि सगळे रस्त्यावर उभे राहून बघू लागले.

घर होतं. म्हणजे असावं. गेटची कडी चकाकत होती, तिच्यावरून अंदाज येत होता.

"काय शांत वाटतंय!" भाची म्हणाली.

"रिकाम्या प्लॉटसारखं," मामी म्हणाल्या.

पण मोजणीदारांना दुसरंच काही दिसलं. सकाळचे नऊ वाजले होते. सूर्य त्यांच्या घरामागून वर आला आणि सरळ डॉक्टरांच्या भिंतीवर पडला. डॉक्टरांच्या भिंतीने तो पिवळा करून परत पाठवला. थकलेला दगड एका मिनिटात पिकलेल्या पेरूसारखा झाला. दुपारचा धूर हिरवट पडला. विसरलेल्या वाळूला जे झालं ते सांगण्यासारखं नाही.

भाचीने चष्मा काढला. "मामा, समोरचं पिवळं आपल्यावर सांडतंय. ते आहे तोवर सुसंगती शक्य नाही."

"म्हणजे?" मोजणीदारांनी विचारलं. 

"समोरचं घर बदलावं लागेल."

आता तुम्हीच बघा. नऊ वर्षं जे घर डोळ्यांत सलत होतं, ते हटवायला माणसाला एक सभ्य कारण मिळालं. शास्त्रीय कारण! वैर नाही, मत्सर नाही, निव्वळ सुसंगती. मोजणीदार त्या दिवशी दोनदा जेवले. आणि ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांना खूण हलवू नका म्हणून दटावलं, त्याच्या डोक्यात त्या क्षणी ते वाक्य मुळीच आलं नाही. आलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर गोलमटोल, हसरा माणूस. दाढ काढताना सुद्धा विनोद सांगायचा, आणि पेशंटला दाद देता येत नाही याचं त्याला वाईट वाटायचं.

"या मोजणीदार! रंग लावलात म्हणे घराला?"

"लावला. दिसला नाही का?"

"नाही हो, येता-जाता घाईत असतो."

मोजणीदारांनी हे गिळलं. मग खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, एक विचारू? राग मानू नका. दवाखाना दातांचा. आणि घर पिवळं."

"बरं मग?"

"नाही, आपलं मनात आलं. पेशंट येतो कशाला? दात पांढरे व्हावेत म्हणून. आणि दारात त्याला काय दिसतं?"

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी वाळलं. नऊ वर्षांत हे त्यांना सुचलं नव्हतं. ते उठले, रस्त्यावर गेले, वळून स्वतःच्या घराकडे बघितलं आणि नकळत जिभेने स्वतःचे पुढचे दात चाचपले.

"एवढा मोठा दात," मोजणीदार मागून हळूच म्हणाले. "न घासलेला."

तीन दिवसांत परांची समोर गेली. रंगाऱ्याने काम घेतलं, पण पहिला हात मारण्याआधी तो बराच वेळ त्या पिवळ्या भिंतीसमोर उभा राहिला, म्हातारी गाय विकायला काढलेल्या माणसासारखा. रंग भाचीनेच निवडले. "समोरासमोरची घरं एकमेकांशी बोलली पाहिजेत," म्हणून तेच तीन. दवाखान्याची पाटी सुद्धा सुसंगत केली : दुपारच्या धुरावर थकलेल्या दगडाची अक्षरं. ती वाचायला नाक टेकवावं लागायचं, आणि दाढ दुखत असताना माणूस नाक टेकवायला जात नाही.

पहिला दिवस मोजणीदारांनी सुखात काढला. ओट्यावर खुर्ची टाकून ते समोर बघत बसले. समोर काही नव्हतं. इतकं निर्मळ काही-नाही त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली हरवली.

पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला, दोन्हीकडे बघितलं आणि चुकलो वाटतं म्हणून पुढे निघून गेला. दूधवाला दोन तास हिंडून तिसऱ्याच वस्तीत दूध घालून आला आणि तिथल्या लोकांनी ते मुकाट घेतलं. कोपऱ्यावरच्या घरातला जावई सासुरवाडीला म्हणून आला, एका घरात दोन दिवस राहिला, पाहुणचार छान झाला म्हणून सांगून गेला. ते घर त्याच्या सासऱ्यांचं नव्हतं. पाखरं भिंतीतून आरपार जायला बघायची आणि चोच चोळत परत फिरायची. गल्लीतले जुने रहिवासी पायऱ्या मोजत, गेट मोजत घरी जाऊ लागले, आणि मोजताना कुणी नमस्कार केला की परत पहिल्यापासून.

सगळ्यात वाईट अवस्था दातवाल्यांची झाली. ते यायचे ठणकत्या दाढा घेऊन, पिवळं घर शोधायचे, ते नसायचं. मग दोन सारख्या घरांपैकी जे आधी लागेल त्यात शिरायचे. बसथांब्याकडून येताना मोजणीदारांचं आधी लागायचं.

पहिल्या दिवशी तिघे आले. गालाला हात लावून दिवाणखान्यात बसले.

"डॉक्टर समोर," मोजणीदार म्हणाले.

"हो हो, आमचा नंबर आला की जातो," म्हणून ते तिथंच बसून राहिले.

आठवडाभरात बायकोने हार मानली. येईल त्याला ती कोमट पाणी आणि मीठ द्यायची, कण्हणाऱ्याला पंख्याखाली बसवायची. काही जण नुसत्या मीठ-पाण्याने बरे होऊन, "बाई, तुमचा हात हलका आहे," असं सांगून जायचे. तिला ते आवडू लागलं होतं, ही गोष्ट वेगळी. तिकडे डॉक्टर रिकाम्या खुर्चीशेजारी सांडशी घेऊन दिवसभर बसायचे आणि स्वतःलाच विनोद सांगायचे.

तर अशाच एका संध्याकाळी मोजणीदार फिरून घरी आले. पायऱ्या दोन, खिडकी डावीकडे. आत शिरले. दिवाणखान्यात चार माणसं गाल धरून बसलेली. म्हणजे आपलंच घर! त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. माणसं गाल धरून बसतात ते आपलं घर, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ते रोजच्या सवयीने म्हणाले, "अहो, डॉक्टर समोर."

चौघे बिचारे उठले, रस्ता ओलांडून समोर गेले आणि मोजणीदारांच्या बायकोसमोर तोंड उघडून बसले.

मोजणीदार आतल्या खोलीत आले. आणि तिथं त्यांना काय दिसावं? लांबलचक, मऊ, पाय ठेवायला जागा असलेली खुर्ची. निवृत्त झाल्यापासून ते बायकोकडे आरामखुर्चीचा हट्ट धरून होते. "आणली वाटतं गुपचूप," त्यांना भरून आलं. वर दिवा सुद्धा लावला होता, वाचायला. ते आडवे झाले. दिवसभराच्या चालण्याने अंग मोडून आलं होतं. त्यांनी एक लांब, मनापासून, घसा दिसेल अशी जांभई दिली.

डॉक्टर हात धुऊन आत आले. नऊ दिवसांत त्यांनी उघडं तोंड बघितलं नव्हतं; आज पहिल्यांदाच बाहेर माणसांची चाहूल लागली होती.

"वा! तसंच ठेवा," ते म्हणाले, आणि पुढचं सगळं इतक्या चपळाईने झालं की जांभई मिटायच्या आत दाढ ताटलीत होती.

मग दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं.

"मोजणीदार! तुम्ही?"

"माझ्या घरात तुम्ही काय करताय?" मोजणीदार कापसाच्या बोळ्यातून म्हणाले.

डॉक्टरांनी दाढ दिव्याखाली धरली, फिरवून बघितली. त्यांच्यात खोटेपणा नव्हता. "उत्तम दाढ होती हो. किडीचं नाव नाही. अजून वीस वर्षं गेली असती." मग ती कागदात बांधून त्यांच्या हातात दिली. "एका परीने बरंच झालं. माझ्या हाताची सवय मोडायला लागली होती."

मोजणीदार पुडी मुठीत घेऊन बाहेर आले. दोन पायऱ्या उतरले. रस्त्यात एक पार्सलवाला हातात खोकं घेऊन फोनवर कुणाशी तरी ओरडत होता. "अरे सापडलं, सापडलं! नाही रे, आता तसं काही नाही तिथं. पूर्वी पिवळं घर होतं ना? ते जिथं होतं, त्याच्या समोर!"

दाढेपेक्षा हे जास्त दुखलं.

घर पुसलं. रंग पुसला. पाटी पुसली. एक दाढ घालवली. आणि लोक अजून त्या नसलेल्या घरापासून जग मापत होते. खूण तशीच जागेवर होती. मोजणीदार मात्र तिच्यासमोर पूर्वी जेवढे होते तेवढे सुद्धा उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावणं गेलं.

"साहेब, तुम्हीच म्हणायचा ना," तो परांचीचे बांबू उतरवता उतरवता म्हणाला. "खूण हलवणाऱ्याला माणसांत धरत नाही म्हणून."

"तोंड बंद करा."

"करतो. तुमचं अजून नीट बंद होत नाहीये, म्हणून मी बोललो. कुठला रंग?"

मोजणीदारांनी नुसतं बोट दाखवलं. रंगाऱ्याने बोटाच्या रोखाने खाली बघितलं, आपल्या गुडघ्याकडे.

"हा?"

"हाच. आणि डॉक्टरांच्या डोक्यात परत यायच्या आत."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. "नऊ वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडलीत, तोच?"

"आता पिवळं घर म्हणजे आपण. लोक काय म्हणतील? मोजणीदारांचं पिवळं घर. कोणी नाही म्हणून तर बघू दे."

भाचीचा फोन आला. "मामा, मी असं ऐकते ते खरं नाही ना? हा रंग कशाशीच सुसंगत नाही."

"माझ्याशी आहे," म्हणून मामांनी फोन ठेवला.

या खेपेला पट्टे शोधावे लागले नाहीत. दुसरा हात वाळला त्या सकाळी पलीकडच्या टेकडीवरचे कोंबडे दुसरा सूर्य उगवला समजून पुन्हा आरवले. पोस्टमन सरळ गल्लीत आला. दूध गल्लीत आलं. कोपऱ्यावरचा जावई योग्य घरात शिरला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला. मोजणीदार स्वच्छ शर्ट घालून गेटशी उभे राहिले.

आठ वाजता पहिला माणूस आला. मोजणीदारांच्या घराकडे बघून त्याचा अर्धा त्रास कमी झालेला दिसला. तो लगबगीने पायऱ्या चढला.

"डॉक्टर आहेत ना आत?"

साडेआठपर्यंत अकरा जण झाले. नऊला रांग गेटबाहेर. रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, "मला वाटलं डॉक्टर गाव सोडून गेले. घर रस्त्याच्या या बाजूला आणलंय फक्त."

"अहो, हे मोजणीदारांचं घर आहे!" मोजणीदार ओरडले.

"असेल पूर्वी," बाई समजुतीने म्हणाली. "भाड्याने दिलंत का त्यांना?"

महिनाभर हे चाललं. मोजणीदार दारात बसून हात समोर करायचे. "समोर. समोर. डॉक्टर समोर." उजवा हात दुखला की डावा. डॉक्टर खुश होते. मोजणीदारांमुळे पेशंट न चुकता आधी तिकडे चुकतात आणि मग बरोबर इकडे येतात, त्यामुळे आता आपल्याला रंगाचा खर्चच नाही, असं ते सगळ्यांना हसत सांगायचे. बायको म्हणायची, "आता तरी निळा मारा." मोजणीदार पुढच्या पेशंटला हात करायचे.

मग एका दुपारी ते कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला गेले. एक परका माणूस गाल धरून पेपरवाल्याला पत्ता विचारत होता. पेपरवाल्याने वर न बघताच सांगितलं, "गल्लीत शिरा. एक पिवळं घर दिसेल. दारात एक म्हातारा हात करत बसलेला असतो. तिथं चुकूनही आत जायचं नाही. त्याच्याकडे पाठ करायची. समोर डॉक्टर."

मोजणीदार वर्तमानपत्र न घेताच धावत घरी आले. धापा टाकत, एका दाढेने कमी असलेलं तोंडभर हसू घेऊन.

"अगं, ऐकलंस का! आपल्या घराची खूण सांगतात! कोपऱ्यावर, माझ्या कानांनी ऐकलं!"

तिने सगळं ऐकून घेतलं. "अहो, ते तुमच्याकडे पाठ करायला सांगतायत."

"पण पाठ करायला आधी मी सापडायला लागतो ना!"

ती आत निघून गेली. मोजणीदारांनी माळ्यावरून मोजणीचा जुना टेप काढला. गेटच्या दोन खांबांमधलं अंतर घेतलं, निम्मं केलं, दोनदा ताडून बघितलं. बरोबर मधोमध जमिनीवर खडूने चार फुल्या काढल्या आणि खुर्चीचे चार पाय त्यांवर टेकवले. मग बसले, टोपी सारखी केली, आणि आत बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं,

"झाडताना बिडताना ही खुर्ची इथून हलवायची नाही."